खाऱ्या पाण्याची टाकी आणि सॉफ्ट कोरल : आधी पाणी, मग दिवा

खाजण :

गोड्या पाण्याच्या टाक्या ठेवणारी मंडळी कोरलकडे (प्रवाळाकडे) वळली की पहिला प्रश्न हमखास दिव्याचा येतो. दिवा शेवटी. आपल्याकडे कोरल मरतात ते एप्रिल-मेच्या उकाड्यात नाहीतर क्षारतेच्या रोजच्या चढउतारात, आणि या दोन्हींवर दिव्याकडे इलाज नाही. म्हणून हा धागा पाण्यापासून सुरू करतो.

आकडे जुळावेत म्हणून एकच माप धरू. ३ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, १० मिमी काच, वर काचेच्या पट्ट्यांची चौकट. काठोकाठ साधारण १९० लिटर. खाली दोन फुटी संप (फिल्टर-पंपाची दुसरी टाकी), अर्धा भरलेला. दगड-वाळूची आणि वरची मोकळी जागा वजा करून दोन्ही मिळून २०० लिटर पाणी समजा. पाणी, काच, दगड, स्टँड धरून वजन ३०० किलोच्या घरात जातं, तेही अर्ध्या चौरस मीटरहून कमी जागेवर. घरांच्या स्लॅबला चौरस मीटरला २०० किलो भार धरतात, पण तो खोलीभर पसरलेला. तेव्हा टाकी बीमवरच्या भिंतीला लावून ठेवा. खोलीच्या मधोमध नको, बाल्कनीत तर नकोच. स्टँडला मरीन ग्रेड प्लाय घ्या, कारण एमडीएफ खाऱ्या ओलीनं फुगतं.

आता कायदा, कारण पैसे घालण्याआधी हे माहीत हवं. चुन्याचा सांगाडा बांधणारे सगळे कठीण कोरल, काळे कोरल, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि सी फॅन हे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. म्हणजे ॲक्रोपोरा, हॅमर, टॉर्च, ब्रेन हे कठीण कोरल दुकानातल्या ट्रेमध्ये कितीही झळकत असले तरी हात लावायचा नाही. ‘इम्पोर्टेड माल आहे’ हा काही कागद नव्हे. मालवणच्या किंवा अंदमानच्या किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडासुद्धा यातच धरला जातो. समुद्री काकड्या आणि समुद्रघोडेही त्याच यादीत आहेत. आपल्यासाठी उरतात तसा सांगाडा न बांधणारे सॉफ्ट कोरल : झोआंथिड, मश्रूम, लेदर, झेनिया, ग्रीन स्टार पॉलिप, केनिया ट्री. ‘उरतात’ म्हटलं म्हणून नाक मुरडू नका. आपल्या हवेत टिकणारी जनावरंही हीच.

मीठागर :

पाण्याबद्दल मी लिहितो. घरातला पिण्याचा आरओ चालत नाही. त्यात चव यावी म्हणून थोडं कच्चं पाणी मिसळणारा व्हॉल्व्ह असतो, शिवाय खनिजांचं काडतूस. बाहेर येणारं पाणी ३० ते ६० टीडीएसचं (विरघळलेल्या क्षारांचं माप). आपल्याला शून्य हवं, कारण त्या पन्नासात नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट, तांबं काय काय आहे ते मीटर सांगत नाही.

जोडणीचा क्रम असा : ५ मायक्रॉनचा सेडिमेंट, कार्बन ब्लॉक, बूस्टर पंप, ७५ जीपीडीचा (दिवसाला ७५ गॅलन) मेम्ब्रेन आणि शेवटी डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे दाणे). मेम्ब्रेनला ६० पीएसआय दाब मिळाला तर तासाला बारा लिटरच्या आसपास पाणी पडतं. सुरू केल्यावर पहिली पाच मिनिटं मेम्ब्रेनचं पाणी डीआयकडे न पाठवता बाहेर सोडा. बंद असताना मेम्ब्रेनच्या दोन्ही बाजूंचे क्षार एक होत जातात, आणि तेच पाणी रेझिनचा सगळ्यात जास्त फडशा पाडतं. बोअरच्या पाण्यावर चालवणाऱ्यांना रेझिन दर दोन महिन्यांनी का संपतं याचं कारण बहुतेकदा हेच असतं. वाया जाणारं पाणी लादी पुसायला वापरा.

साठवण फूड ग्रेड प्लास्टिकच्या ड्रममध्ये. तांब्याचा हंडा, पितळी नळ, पाणी तापवायची कॉइल यातलं काहीही या पाण्याला लागता कामा नये. कोळंबीला आणि कोरलला तांब्याचा अंशही पुरतो.

उंबरठा :

मिठाबद्दल एक बाळबोध प्रश्न. समुद्राचं पाणी आटवूनच मिठागरात मीठ करतात ना, मग खडे मीठ का चालत नाही? आणि मुंबईत असताना सरळ समुद्राचं पाणीच का आणू नये?

मीठागर :

प्रश्न बाळबोध नाही. समुद्राच्या एक किलो पाण्यात ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातले तीस ग्रॅम सोडियम आणि क्लोराईड. बाकीच्या पाचात सल्फेट २.७, मॅग्नेशियम १.३, कॅल्शियम ०.४, पोटॅशियम ०.४. मिठागरात पाणी आटतं तेव्हा कॅल्शियम आधी खाली बसतं, मग मीठ धरतं, आणि मॅग्नेशियम-पोटॅशियमचं कडू पाणी काढून टाकतात. म्हणजे आपल्याला जे हवं नेमकं तेच वगळून खडे मीठ बनतं. म्हणून रीफ सॉल्ट म्हणून मिळतं तेच घ्यायचं.

मुंबईच्या किनाऱ्याचं पाणी गढूळ, खाड्यांतून सांडपाणी येणारं, आणि पावसाळ्यात क्षारता ढासळलेली. ते नको.

लिटरला ३६ ते ३८ ग्रॅम मीठ लागतं, म्हणजे पहिल्या भरणीला साडेसात किलोच्या आसपास. पाण्यात मीठ टाकायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही. उलटं केलंत तर तळाशी दाट द्रावणात कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना धरतात, पांढरा थर बसतो आणि तो पुन्हा विरघळत नाही. वेव्हमेकर (पाणी घुसळणारा पंप) लावून २४ तास फिरू द्या, मगच मोजा.

रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचं उपकरण) साध्या पाण्यावर शून्य करून भागत नाही. ३५ वर बरोबर दाखवतो का ते पाहा. घरी करायचं तर ३६.५ ग्रॅम मीठ आणि ९६३.५ ग्रॅम डीआय पाणी. या द्रावणाचा अपवर्तनांक ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग) समुद्रपाण्याएवढा येतो. (इथे मात्र स्वयंपाकघरातलं मीठ खुशाल वापरा.) ०.१ ग्रॅम दाखवणारा सोनारी काटा हवा, भाजीचा नको.

खाजण :

हेच. आता बाष्पीभवन. या टाकीतून दिवसाला तीन लिटर पाणी उडालं तर ३५ चं ३५.५ होतं. पाणी उडतं, मीठ मागे राहतं, म्हणून भर घालायची ती डीआय पाण्याची, खाऱ्या पाण्याची नाही. ऑटो टॉप-अप (उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) लावा, पण त्याची बादली १० लिटरच्या वर नको. फ्लोट अडकून सगळं पाणी आत गेलं तर १० लिटरनं ३५ चं ३३ होतं. २० लिटरनं ३२ च्या खाली जातं, आणि तेही एका रात्रीत. नवीन मंडळी सोयीसाठी ५० लिटरचा ड्रम जोडतात. करू नका.

पाणकावळा :

तापमानावर लिहितो. लक्ष्य २५ ते २६. सॉफ्ट कोरल २८ पर्यंत चालवून घेतात, पण ३० च्या वर आठवडाभर राहिलं की आतली झूक्सँथेली शेवाळं बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. शिवाय गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि वीज गेली की त्याची आधी चणचण भासते.

पाण्यावर पंखा लावून दोन ते चार अंश उतरतात, पण हवा कोरडी असेल तरच. नागपूर, संभाजीनगर, पुण्याचा एप्रिल या हिशोबात बसतो. मुंबई-रत्नागिरीला जून ते सप्टेंबर पंखा नुसता फिरतो, कारण हवेतच एवढी ओल असते की पाणी उडत नाही. तिथे चिलर (पाणी गार करणारं यंत्र) किंवा खोलीला दिवसरात्र एसी. २०० लिटरला १/१० हॉर्सपॉवरचा चिलर कागदावर पुरतो. खोली ३३-३४ पर्यंत जात असेल तर १/६ घ्या. छोटा चिलर सारखा चालत राहून लवकर मरतो.

चिलर कपाटात कोंडू नका. आतून उपसलेली उष्णता तो बाहेर फेकतो. कपाट बंद असेल तर तीच हवा परत ओढतो, कपाट ४० अंशावर आणि पाणी २९ वर. मग लोक म्हणतात चिलर खराब निघाला. मागे-पुढे एक फूट मोकळं सोडा, जाळी महिन्याला झाडा.

उंबरठा :

लाइट बिल?

पाणकावळा :

चिलर २०० वॉटचा धरा, उन्हाळ्यात दहा तास, दोन युनिट. पंप आणि वेव्हमेकर मिळून ४० वॉट चोवीस तास, एक युनिट. दिवा पाऊण. रोज पावणेचारच्या आसपास, महिन्याला ११० ते १२० युनिट. ही भर घरच्या वापरावर पडते, तेव्हा महावितरणचा टप्पा ओलांडतोय का ते पाहा. खरा फटका तिथे बसतो.

दर्यासारंग :

वीज गेल्यावर काय होतं ते कुणी लिहिलेलं नाही. दोन गोष्टी आहेत, एक पाण्याची, एक हवेची.

पाण्याची : रिटर्न पंप (संपमधलं पाणी वर चढवणारा) थांबला की वरच्या टाकीतलं पाणी रिटर्न पाइपातूनच उलटं खाली येतं. नळीचं तोंड हवेत उघडं पडेपर्यंत ते थांबत नाही. या टाकीचा पृष्ठभाग ९० × ४५ सेंमी, म्हणजे एक सेंटिमीटर पाणी म्हणजे चार लिटर. नळीचं तोंड पाच सेंमी खोल असेल तर वीस लिटर खाली, शिवाय पाइप आणि ओव्हरफ्लो बॉक्समधलं (वरचं पाणी संपमध्ये सोडणाऱ्या डब्यातलं) वेगळं. संपमध्ये तेवढी जागा नसेल तर लादीवर. उपाय म्हणून तोंड पृष्ठभागापासून दीड-दोन सेंमीवर ठेवा आणि पाण्याच्या रेषेलगत पाइपाला ३ मिमीचं भोक पाडा, म्हणजे हवा शिरून धार तुटते. ते भोक शेवाळानं आणि मिठाच्या खवल्यांनी बुजतं. दर आठवड्याला टूथपिक घाला. भोकाच्या भरवशावर संप लहान घेऊ नका.

टाकी भरल्यावर पंपाचा स्विच हातानं बंद करा आणि संपमधलं पाणी चढताना पाहा. जिथे थांबेल तिथून मागे हिशोब करून चालू पाण्याची पातळी ठरवा आणि काचेवर मार्करनं रेघ मारा. त्या रेघेच्या वर भर घालायची नाही.

हवेची : इन्व्हर्टरवर फक्त वेव्हमेकर आणि रिटर्न पंप. चिलर नाही. १५० एएचच्या बॅटरीतून हाताशी हजारेक वॉट-तास मिळतात, ४० वॉटवर वीस-बावीस तास निघतात, पंखे-दिवे त्याच बॅटरीवर असतील तर निम्मेही नाही. प्युअर साइन वेव्ह हवा. स्क्वेअर वेव्हवर एसी मोटारीचे पंप घुमतात आणि तापतात.

आणि प्रत्येक वायरीला प्लगच्या खाली झोल सोडा, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोलातून खाली टपकेल, प्लगमध्ये शिरणार नाही. टाकीच्या सर्किटला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि खरंखुरं अर्थिंग. हा खर्च कोरलच्या आधी.

खाजण :

दर्यासारंग, रेघेची गोष्ट सोन्यासारखी.

दगड आणि वाळू उरकून टाकतो. कोरडा अरागोनाइट (चुन्याचं खनिज) किंवा सिरॅमिक दगड १५ किलो. आधी काचेवर दगड टेकवा, मग वाळू. उलट केलं तर वाळू उकरणारे मासे दगड पाडतात. वाळू अडीच सेंमी, पंधरा किलोच्या आसपास, अरागोनाइटचीच. बांधकामाची नदीची वाळू बेसॉल्टची. कोकणच्या किनाऱ्यावरची काळी झाक इल्मेनाइटसारख्या जड खनिजांची, त्यातले चुंबकाला चिकटणारे कण काच साफ करायच्या मॅग्नेटमध्ये अडकतात आणि काचेवर ओरखडे काढतात.

सायकल, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू टाकीत रुजवणं : २०० लिटरमध्ये १.२ ग्रॅम अमोनियम क्लोराईड घातलं की अमोनिया २ पीपीएम (दशलक्षात दोन भाग) होतो. हा आपला कल्हईवाल्याचा नवसागरच, पण बाजारातला नाही, प्रयोगशाळेचा शुद्ध घ्या. बाटलीतले जिवाणू सोबत टाका, दिवे बंद. २ पीपीएम अमोनिया २४ तासांत शून्यावर आला की सायकल झाली. चार ते सहा आठवडे लागतात. मध्ये नायट्राइट असताना नायट्रेटची टेस्ट फुगलेला आकडा दाखवते, घाबरू नका. शेवटी निम्मं पाणी बदला.

सनीवेलकर :

इकडे कॅलिफोर्नियात कठीण कोरल शेतीत वाढवलेले सहज मिळतात, त्यामुळे आकडे थोडे वेगळे, पण तत्त्व तेच. क्षारता ३५, अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) ८ ते ९ डीकेएच, कॅल्शियम ४२०, मॅग्नेशियम १३०० ते १३५०. सॉफ्ट कोरल सांगाडा बांधत नाहीत, त्यामुळे तुमच्या टाकीत यातलं फारसं खर्चच होत नाही. आठवड्याला २० लिटर पाणी बदललं, म्हणजे पाऊण किलो मीठ, की डोसिंग पंपाची गरज नाही. कोणी गळ्यात मारत असेल तर नको म्हणा.

अल्कलिनिटी घसरलीच तर २०० लिटरला १ डीकेएच चढवायला ६ ग्रॅम खाण्याचा सोडा पुरतो. डीआय पाण्यात विरघळवून हळूहळू, दिवसाला एकाहून जास्त डीकेएच नाही. बेकिंग पावडर नव्हे, त्यात आम्ल आणि पिष्ट असतं.

दिवे : सॉफ्ट कोरलला ५० ते १५० पार (कोरलला वापरता येणाऱ्या प्रकाशाचं माप) पुरतो. मश्रूम तळाला ५० वर सुखी. ॲक्रोपोराला लागतो तो ३०० च्या आसपासचा, त्यासाठीचे दिवे इथे उघड नुकसान करतील. निळा जास्त, पांढरा कमी, आठ-नऊ तास. ४० टक्क्यांवर सुरू करून आठवड्याला ५ टक्के चढवा. प्रवाह २० पट, म्हणजे ताशी ४००० लिटरचा वेव्हमेकर, मागेपुढे होणारा. एकाच दिशेनं झोत बसला की कोरलची त्या बाजूची कातडी फाटते.

मीठागर :

स्किमरवरून (बुडबुड्यांच्या फेसानं घाण काढणारं यंत्र) माझं मत वेगळं. नुसते सॉफ्ट कोरल आणि दोन क्लाउनफिश असतील तर या टाकीला स्किमर लागत नाही. पाणी फार स्वच्छ केलंत तर झेनिया आक्रसते.

पाणकावळा :

असहमत. स्किमरचा खरा उपयोग हवा मिसळण्याचा. बंद एसी खोलीत कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच ७.८ च्या खाली बसतो. स्किमर चालू आणि त्याची हवेची नळी खिडकीबाहेर काढली की ८.१ पर्यंत येतो.

मीठागर :

पीएचसाठी म्हणत असाल तर मान्य. मग त्याचा फेसाचा कप अर्धा उघडा ठेवून नुसता हवेसाठी चालवा.

खाजण :

मासे कमी. तीन फुटांत ऑसेलॅरिस क्लाउनची जोडी आणि एखादा गोबी. हॅचरीतले मागा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं क्लाउनफिशची पैदास आपल्याकडे करून दाखवली आहे, समुद्रातून पकडलेले घ्यायचं कारण नाही. टँग नको, जागा पुरत नाही.

नवीन कोरल आला की पिशवी वीस मिनिटं तरंगवा, मग अर्धा तास थेंब-थेंब टाकीचं पाणी, मग कोरल डिप (कीड काढणारं औषधी पाणी) पाच-दहा मिनिटं. पिशवीचं पाणी टाकीत जाता कामा नये. बुंध्याखाली टॉर्च मारून अंडी पाहा, जमलं तर जुना प्लग (कोरल चिकटवलेली चकती) काढूनच टाका. एप्टेशिया (उपद्रवी समुद्रफूल) बऱ्याचदा प्लगवर बसूनच येते. ती खरवडली तर राहिलेल्या प्रत्येक कणातून नवी उगवते. दाट कालवलेला चुना सिरिंजनं तिच्या तोंडावर, पंप बंद ठेवून.

झेनिया आणि ग्रीन स्टार वेगळ्या दगडावर, बाकीच्यांपासून हातभर लांब. मागच्या काचेवर चिकटवली तरी हरकत नाही. लेदर अधूनमधून मिटून मेणचट होतो, आठवडाभर तसाच राहतो. मेला नाही, कात टाकतोय. प्रवाह थोडा वाढवा, कार्बन (पाणी गाळणारा कोळसा) बदला, हात लावू नका.

दर्यासारंग :

आणि ठळक अक्षरात लिहावं असं एक : झोआंथिड आणि पॅलिथोआत पॅलिटॉक्सिन असू शकतं. कापताना हातमोजे आणि चष्मा. असा दगड गरम पाण्यात घालायचा नाही, उकळायचा तर मुळीच नाही, वाळलेला दगड ब्रशनं घासायचा नाही. वाफेतून घरभर पसरतं, आणि खोकला-ताप घेऊन घरातले सगळे दवाखान्यात जातात. तसं झालं तर डॉक्टरांना ‘पॅलिटॉक्सिन’ हा शब्द सांगा, नाहीतर ते फ्लूच समजतील.

उंबरठा :

एका टाकीबद्दल विचारायचंय. सात आठवडे झाले, क्षारता ३५, तापमान २६, नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. वाळूवर आणि दगडावर तपकिरी शेंबडासारख्या तारा, त्यांच्या टोकाला बुडबुडे. रात्री कमी होतात, दुपारी परत. झोआंथिड मिटलेले. आधी पाणी बदल वाढवला, अजून वाढलं.

सनीवेलकर :

डायनोफ्लॅजेलेट, म्हणजे एकपेशी सूक्ष्म जीव. डायटम (तपकिरी सूक्ष्म शेवाळ) असते तर भुकटीसारखा थर दिसला असता आणि रात्री गेला नसता. शून्य-शून्य आकडे हेच कारण. बाकी शेवाळं-जिवाणू उपाशी मरतात आणि यांना मैदान मोकळं मिळतं.

पाणी बदल थांबवा. स्किमर बंद, फॉस्फेट शोषणारं काही असेल तर काढा. नायट्रेट ५ पीपीएमवर न्या : २०० लिटरला १.४ ग्रॅम शुद्ध सोडियम नायट्रेट. फॉस्फेटसाठी खाणं वाढवणं सोपं, ०.०५ ते ०.१ दिसू लागेपर्यंत. एक थेंब चारशे पटीच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. दोरीला बांधल्यासारखे एका जागी गरगरणारे टपोरे दाणे दिसले तर ऑस्ट्रिऑप्सिस, ते रात्री पाण्यात सुटतात, म्हणून यूव्ही दिवा चालतो. वाळूत सरपटणारे चपटे असतील तर ॲम्फिडिनियम, त्यावर यूव्हीचे पैसे वाया. तारा रोज सायफननं ओढून फिल्टर सॉकमधून (कापडी गाळणीतून) पाणी परत सोडा.

उंबरठा :

आभार. सोसायटीचं पेस्ट कंट्रोल पुढच्या आठवड्यात आहे, तोवर काही हलवू का?

खाजण :

टाकी हलवू नका, फवारणी अडवा. त्या खोलीत फवारा नको म्हणून आधीच सांगा, झुरळांसाठी जेल चालतं. फवाऱ्यातली पायरेथ्रॉइड कीटकनाशकं कोळंबीला आणि खेकड्यांना लगेच लागतात. बाकीच्या घरात फवारणी असेल तर टाकीवर ओलं कापड, दार बंद, हवेचा पंप आणि स्किमर सहा तास बंद, फक्त वेव्हमेकर चालू. त्या दिवशी चिलर किंवा एसी चालू आहे ना ते पाहा, झाकल्यावर पाणी तापतं. नंतर २०० ग्रॅम ताजा कार्बन पिशवीत भरून संपमध्ये, तीन दिवसांनी काढून फेका. डासांची लिक्विडची मशीनही त्या खोलीत नको, जाळी लावा.

आणि सोडियम नायट्रेट तोलताना काटा आधी ५ ग्रॅमच्या वजनानं तपासून घ्या.